वायसर आणि तीन गाठी

महागावच्या रस्त्याला माझं पंपदुरुस्तीचं दुकान आहे. पाठीवर अडकवून पिकावर औषध फवारायचे, ते पंप. शटरवर मी स्वतःच्या हाताने बोर्ड रंगवला होता : 'रविवारी बंद. प्रभूचा दिवस.' प्रभूच्या दिवशी मी सकाळी उपासनेला जायचो, दुपारी मटण खायचो आणि दिवस कलेपर्यंत तोंड उघडं टाकून झोपायचो. बायको म्हणायची, "देव एकच दिवस थांबला होता. तुमी तं सोमवारीबी उठत नाही."

मागच्या कपाशीच्या हंगामात एका रविवारी उपासनेवरून परतलो, तर शटरपाशी शेजारच्या तांड्यावरचे काका बसलेले. दुसऱ्याच्या शेतात सालानं राबणारे. पुढ्यात पंप.

"मिस्तरी, वायसर बदलून द्या. सारं औषध पाठीवर गळून राह्यलं."

"काका, आज रविवार. बोर्ड नाही पाह्यला?"

"पाह्यला. पन वाचता कोठी येते मले?"

मग मी तो वाचून दाखवला. वर प्रवचनही दिलं, की माणसाच्या जिवाला आठवड्यातून एक दिवस विसावा पाहिजे, मालकाला तसं सांगा. उपासनेत डुलक्यांच्या मधे जेवढं कानावर पडलं होतं तेवढं सगळं ओतलं.

काकांनी ऐकून घेतलं. "तुमच्या देवानं सुट्टी देल्ली भाऊ, माह्या मालकानं नाही देल्ली. आजच फवारा मारा म्हनते."

दया मला आली, नाही असं नाही. पण शटर उघडलं की काम झालं, नि काम झालं की दिवस बाटला. मी मधला रस्ता काढला. घरून युरियाची रिकामी थैली आणली आणि काकांची पाठ व पंप यांच्या मधे सुतळीनं बांधून दिली. तीन गाठी, ओढून ओढून. पांढऱ्या सदऱ्याला डाग नको म्हणून हात लांब धरून. हे काम नव्हे, सेवा, अशी मनाची समजूत घातली. वायसर बदलायला पाच मिनिटं लागतात. मला पंधरा लागली. आणि थैली विणलेली असते, तिच्यातून पाणी पाझरतं, हे मला, पंपाच्या मिस्तऱ्याला, सुचलं नाही.

"लय उपकार झाले," म्हणून काका गेले. मी मटण खाल्लं.

मंगळवारी काकू तोच पंप घेऊन आल्या. "मालकानं पाठवला. दुसरा गडी लावला त्यानं."

"काका?"

"वावरातच पडले. यवतमाळले नेलं. डोळ्यानं दिसत नाही म्हन्ते."

थैली तशीच होती. माझ्या गाठी सुटेनात, शेवटी ब्लेडनं कापल्या. वायसर पाच मिनिटांत बसला. काकू माझ्या हातांकडे पाहत होत्या. 

विसाव्याची आज्ञा गड्यालाही आहे, बैलालाही आहे. लहानपणापासून पाठ होती. मीच तिच्या सातबाऱ्यावर एकट्याचं नाव चढवून बसलो होतो.

काका परतले. सावल्या दिसतात म्हणतात. फवारणी सुटली, तसं सगळंच सुटलं.

बोर्ड मी काढून टाकला. आता रविवारी उपासना झाली की शटर अर्धं वर करून बसतो, वायसरांचा डबा पुढ्यात घेऊन. कोणी येत नाही. ज्यांना वाचता येत नाही, त्यांनाही तो बोर्ड पाठ झालाय.