भवानीचं गिऱ्हाईक

शाळेतली नोकरी संपल्यावर मी गंगाखेडला थोरल्या भावाकडे राहायला आले. शाळेच्या वाटेवर त्याचं वह्या-पेनांचं दुकान आहे. सकाळी मी तिथे जाऊन बसते, कामाला नव्हे, बोलायला. दादा मुळातच कमी बोलतो, म्हणून तेवढं काम मी अंगावर घेतलंय.

मागच्या वर्षी दुकानात क्रिकेटपटूंच्या कार्डांची पाकिटं यायला लागली. पाकीट बंद असतं, आत काय आहे ते फोडल्याशिवाय कळत नाही. बहुतेक कार्डं साधी, पण एखाद्या पाकिटात चकाकणारं कार्ड निघतं. पोरं त्याला चमकी म्हणतात. ज्याला चमकी निघाली तो दिवसभर वर्गात मास्तरांपेक्षा मोठा असतो.

आमच्या गल्लीतली सहावीतली एक मुलगी दर मंगळवारी एक पाकीट घ्यायची आणि दुकानाच्या पायरीवरच फोडायची. तिला चमकी कधी निघाली नाही. दादा म्हणायचा, "नशीब लागतंय माय त्याला." ती मान हलवायची आणि पुढच्या मंगळवारी परत यायची.

आठवड्याला पाकिटांचा एक डबा यायचा, रविवारी संध्याकाळी. सोमवारी दुकान उघडायच्या आधीच एक कॉलेजातला मुलगा दारात उभा असायचा. बोलायला गोड, कपडे इस्त्रीचे. तो अख्खा डबा घ्यायचा. पहिल्या विक्रीला आमच्याकडे भवानी म्हणतात, आणि भवानीचं गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परत लावायचं नाही, त्याच्याशी घासाघीस करायची नाही, हा दादाचा नेम. संध्याकाळी तोच मुलगा निम्म्याहून जास्त पाकिटं घेऊन यायचा. "काका, जास्त झाली, खपली न्हाईत." माल बंदच आहे, घ्यायला काय जातं, म्हणून दादा ती परत घ्यायचा. मंगळवारी पोरांना मिळायची ती हीच पाकिटं.

एकदा बाजारातले सराफ पेनाची रिफील घ्यायला आले आणि हसत हसत म्हणाले, "तुमची पाकिटं सोन्याच्या काट्यावर चढायलेत, मालूम हाय का?" त्यांच्या दुकानातला कारागीर त्या कॉलेजातल्या मुलाचा दोस्त होता. चमकीचं कार्ड जाड असतं, त्यामुळे ते पाकीट किंचित जास्त भरतं. मुलगा सगळी पाकिटं तोलायचा. जड ती ठेवून मोबाईलवरून दूरदूरच्या हौशी लोकांना चढ्या भावाने विकायचा, आणि हलकी आमच्याकडे परत आणायचा.

सराफ गेले. दादाने डब्यातलं एक पाकीट उचलून उलटसुलट बघितलं. मग म्हणाला, "त्या लेकरानं किती मंगळवार घालवले. त्यात काईच नव्हतं, आन् मी नशीब म्हनायलोय."

मला राग आला होता. मऊ लागलं म्हणून कोपरानं खणावं, तशातली गत. मी म्हटलं, त्या मुलाला दुकानाची पायरी चढू देऊ नकोस. दादा म्हणाला, "भवानीचं गिऱ्हाईक वापस कसं लावू?" माझ्या मते हा मूर्खपणा होता, आणि मी तसं त्याला सांगितलंही. त्याने ऐकून घेतलं.

पुढच्या सोमवारी दादा नेहमीपेक्षा लवकर निघाला, मीही सोबत गेले. दुकान उघडलं तेव्हा पायरीवर ती मुलगी बसली होती, दप्तरासकट. दादानेच तिला आदल्या दिवशी बोलावलं होतं. तिने नव्या डब्यातलं वरचंच एक पाकीट घेतलं, पैसे दिले. दादाने ते कपाळाला लावून गल्ल्यात टाकले.

एवढ्यात तो मुलगा आला.

"भवानी झाली," दादा म्हणाला. "आता एकाला एकच पाकीट. आन् वापसी बंद."

मुलाला सगळं कळलं. पण तो ओशाळला नाही. "काका, मी चोरी केली का? नगद पैसे देऊन नेली. तुमीच विकली, तुमीच वापस घेतली. गहू घेताना बाया दाणा बघतेतच की."

"बघतेत," दादा म्हणाला. "पन किडका दाणा दुसऱ्याच्या पोत्यात नेऊन टाकत न्हाईत."

मुलगा एकही पाकीट न घेता गेला. दुसऱ्या दुकानात गेला असेल. त्याचं काही अडणार नव्हतं.

मुलीने पाकीट फोडलं. सगळी साधी कार्डं. तिने ती एकदा बघून दप्तरात ठेवली. पण दादाचाच चेहरा उतरला. त्याने डब्यात हात घातला. एक पाकीट तळहातावर घेऊन अंदाज घेतला, ठेवलं. दुसरं घेतलं, ठेवलं. चौथं-पाचवं त्याला बरं वाटलं असावं. ते त्याने तिच्यापुढे धरलं. "हे घे माय. पैसे नको."

तिने हात पुढे केला नाही.

"नको काका. तुमी हुडकून दिल्यावर मला निघाली असं कसं म्हनू?"

ती शाळेला गेली. दादाने ते पाकीट परत डब्यात टाकलं, झाकण लावलं आणि सगळी पाकिटं एकमेकांत मिसळेपर्यंत डबा हलवत राहिला.