सुधाकर आणि पट्ट्याचा प्रश्न

तुम्ही आजवर एखाद्या कुत्र्याला 'अहो' म्हटलं आहे का? नाही ना? मग माझ्या आत्याला हसण्याचा तुम्हाला काडीचाही अधिकार नाही, हे आधीच सांगून ठेवते. लोक राखणीसाठी कुत्रं पाळतात, हौसेखातर पाळतात, काहीजण तर शेजाऱ्यावर सोडायला पाळतात. पण तत्त्वासाठी कुत्रं पाळलेली बाई अख्ख्या नाशिकरोडमध्ये एकच झाली, आणि ती माझी आत्या. 'एका तरी जिवाला हुकूम न सोडता वाढवून दाखवते,' असं तिनं पिल्लू घरात आणलं त्याच संध्याकाळी जाहीर केलं. ऐकायला मी आणि पिल्लू दोघंच होतो. पिल्लानं त्याच क्षणी सतरंजीवर आपलं मत मांडलं. आत्या म्हणाली, "बघ, बोलायला लागला."

आत्या पालिकेच्या शाळेत चौथीला शिकवायची. कॉलनीतल्या एका घराच्या वरच्या मजल्यावर तिच्या दोन खोल्या होत्या, आणि कॉलेजसाठी मी तिच्याकडे राहत होते. त्या घरात पंचांग नव्हतं, पत्रकं होती. मोर्चाची, सभेची, संपाची. दुसऱ्या मुली रांगोळी काढायला शिकल्या, मी पत्रकाची तीन पदरी घडी घालायला शिकले. आत्याचे नियम पुष्कळ होते, पण त्यातला सर्वांत कडक नियम गळ्याचा. गळ्यात काही बांधायचं नाही. सोनं नाही, मणी नाही, काळा दोरा तर नाहीच. तिला पाहायला आलेल्या एका स्थळानं 'निदान मंगळसूत्र तरी घालाल ना?' असं विचारलं, तेव्हा ते स्थळ चहा न घेताच जिना उतरलं. जयंतीच्या सभेत कुणी हार घालायला पुढे झालं की ती तो हातात घ्यायची. शाळेतली पीटीची शिट्टीसुद्धा दोरी काढून मुठीत धरायची. विचारलं तर एकच उत्तर असे: "आपल्या खापरपणज्याच्या गळ्यात थुंकायचं मडकं होतं. तेवढं पुरे झालं सात पिढ्यांना."

पिल्लू शाळेतच सापडलं. स्टेजखाली एक कुत्री व्यायली होती. हेडमास्तरांनी शिपायाला सांगितलं, पिल्लं पोत्यात घाल आणि नदीपलीकडे सोडून ये. तोवर बाकीची पिल्लं कुणीकुणी उचलून नेली होती, एकच उरलं होतं. आत्यानं पोत्याचं तोंड सोडलं, पिल्लू शबनम पिशवीत टाकलं आणि भूगोलाचा तास घेऊन त्याच्यासकट घरी आली. निफाडकडच्या कुणीतरी दिलेली द्राक्षांची रिकामी पेटी होती, तिच्यात जुनं लुगडं घालून त्याची सोय झाली. कुत्र्याविषयी आम्हा दोघींचं ज्ञान शून्य होतं. गवळी म्हणाला दूध पाजा, आम्ही वाटीभर पाजलं, आणि पुढचे दोन दिवस आळीपाळीनं फरशी पुसली. तिसऱ्या दिवशी आत्यानं गवळ्याला जिन्यात अडवून जाब विचारला. तो बिचारा म्हणाला, "बाई, मी म्हशीचा माणूस."

मग नावाचा प्रश्न आला. मी मोती सुचवलं. आत्या म्हणाली, "मोती ही मालमत्ता आहे." राजा म्हटलं, तर तिनं माझ्याकडे नुसतं पाहिलं. खालच्या मजल्यावर एक निवृत्त फोरमन राहायचे, ते म्हणाले, "काळू म्हणा की, काळाच आहे." त्यावर आत्या उसळली. चांदवडजवळच्या आमच्या खेड्यात आमच्या माणसांची नावं अशीच पडायची. कचरू, धोंडू, उकिरड्या. "या घरात नाव मानाचंच असेल," असं म्हणून तिनं त्या चार बोटं उंचीच्या, पोट सुटलेल्या पिल्लाचं नाव सुधाकर ठेवलं.

आणि सुधाकरला ती अहो-जाहो करू लागली. "सुधाकर, बसा." "सुधाकर, चप्पल सोडा, ती फोरमनसाहेबांची आहे." आमच्या आजोबांना अख्खं गाव 'अरे' म्हणायचं, शेंबडी पोरंसुद्धा. लहानपणी ते ऐकताना आत्यानं मनात काय गाठ मारली असेल ती असेल, पण ती सोडवायला सुधाकर यावा लागला. मला मात्र राग यायचा. मी एकदा म्हटलं, "मला तू आणि कुत्र्याला तुम्ही?" ती म्हणाली, "तू मला उलटून 'तू' म्हणू शकतेस. त्यांना ती सोय आहे का?"

शिकवण्याची तिची पद्धतही अशीच जगावेगळी. काठी नाही, साखळी नाही, ओरडणं नाही. सुधाकर बसला की सुकटाचा एक तुकडा. बोलावल्यावर आला की एक तुकडा. त्यासाठी सुकटाची पुडी कायम तिच्या पर्समध्ये असे, आणि शिक्षकांच्या मासिक सभेत तिच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या राहत. ती म्हणायची, "वास नाही, विचार सहन होत नाही त्यांना." एकदा सुधाकरनं मोर्चाच्या पत्रकांचा अख्खा गठ्ठा फाडून, त्यातला बराचसा गिळून टाकला. मी कपाळावर हात मारला. आत्या तुकडे गोळा करता करता शांतपणे म्हणाली, "आपलं पत्रक आजवर इतकं मनापासून कुणी घेतलं नव्हतं."

दिवाळीत फोरमनसाहेबांचे जावई आले, आणि दुर्दैवानं त्यांचंही नाव सुधाकर होतं. फोरमनकाकू दारातून प्रेमानं म्हणाल्या, "या सुधाकरराव, बसा." जावई बसण्याआधी आमचा सुधाकर जिना उतरून आला आणि फराळाच्या ताटासमोर शहाण्यासारखा बसला. फोरमनसाहेब तणतणत वर आले. "बाई, आमच्या जावयाचं नाव कुत्र्याला?" आत्या म्हणाली, "आमच्या कुत्र्याचं नाव तुमच्या जावयाला आहे. आम्ही काही बोललो?" महिनाभर दोन्ही मजल्यांमधून विस्तव जात नव्हता.

पण खरी परीक्षा रस्त्यावरची होती. साखळी नाही म्हटल्यावर सुधाकर कधी बकरीमागे, कधी सायकलमागे सुटायचा, आणि जवळच हमरस्त्यावरून कांद्याचे ट्रक धडधडत जायचे. दुसरं कुणी असतं तर हाका मारत मागे धावलं असतं. आत्या उलट दिशेला वळायची आणि ताडताड चालू लागायची. मागे पाहायचीच नाही. कोपऱ्यावर एक कडुनिंब होता, त्याच्यामागे जाऊन उभी राहायची. सुती साडी नेसलेल्या, चष्मा लावलेल्या बाई झाडाआडून कुत्र्याची गंमत पाहताहेत हे दृश्य कॉलनीनं रोज पाहिलं आणि पोटभर हसून घेतलं. हसा, खुशाल हसा. सुधाकर मात्र दहा पावलांवर थबकायचा, वळून पाहायचा, बाई नाहीत म्हटल्यावर त्याचा चेहरा पडायचा, आणि मग जमीन हुंगत हुंगत तो झाडापाशी यायचा. आत्या म्हणायची, "आलात? छान." एक तुकडा. थंडी सरेपर्यंत सुधाकर तिच्या गुडघ्याला गुडघा लावून चालायला शिकला. दोघांच्या मध्ये काहीही बांधलेलं नव्हतं.

तेवढ्यात सिंहस्थ जवळ आला. पालिकेनं शहर झाडून-पुसून ठेवायला घेतलं, आणि मोकाट कुत्री धरणारी गाडी रोज फिरू लागली. ज्याच्या गळ्यात पट्टा आणि पट्ट्यात पालिकेचा बिल्ला, ते कुत्रं पाळलेलं. बाकीची बेवारस. फोरमनसाहेब सगळा राग विसरून वर आले. "बाई, पट्टा बांधा हो. गाडी काही तत्त्व विचारत नाही." आत्या म्हणाली, "ज्या घरात माझ्या गळ्यात काही नाही, त्या घरात त्यांच्या गळ्यात नाही." तिच्या आवाजात इतकी धार होती की मी मध्ये पडले नाही.

एका दुपारी आत्या शाळेत असताना, सुधाकर जिन्याच्या पायरीवर ऊन खात पडला असताना, गाडी आली आणि त्याला चिमट्यात धरून घेऊन गेली. मी सायकल काढून शाळेत गेले. आत्या फळ्यावर नकाशा काढत होती. माझं ऐकून तिनं खडू ठेवला, शेजारच्या वर्गाच्या बाईंना मुलांकडे पाहायला सांगितलं, आणि आम्ही टांग्यानं कोंडवाडा गाठला.

तिथला मुकादम म्हातारा होता, इगतपुरीकडचा. पिंजऱ्यात दहा-बारा कुत्री एकमेकांवर भुंकत होती, आणि मागच्या कोपऱ्यात सुधाकर भिंतीला चिकटून थरथरत उभा होता. मुकादम म्हणाला, "पट्टा नाय, बिल्ला नाय. आम्ही वळखायचं कसं बाई? ते बेवारस धरलंय."

"त्यांना वारस आहे. मी आहे."

"तोंडी नाय चालत. सांजच्याला ही सगळी आटपायची हायेत." आटपायची म्हणजे काय ते त्यानं सांगितलं नाही, आणि आम्ही विचारलं नाही. मग त्यानंच इकडेतिकडे पाहिलं, टेबलाच्या खणातून एक पितळी बिल्ला काढला, तारेवर अडकवलेल्या सुतळीतून हातभर तोडली आणि दोन्ही आत्यापुढे धरली. "बिल्ल्याची पावती तुमच्या नावानं फाडतो. ही सुतळी त्याच्या गळ्यात बांधा न् घेऊन जावा."

आत्यानं सुतळी हातात घेतली. मी म्हटलं, "आत्या, बांध ना. एवढीशी तर सुतळी आहे." ती माझ्याशी नाही, मुकादमाशी बोलली. "माझ्या खापरपणज्याच्या गळ्यात मडकं बांधलं होतं, दादा. बांधणारा तेव्हाही म्हणालाच असेल, एवढंसं तर मडकं आहे."

मुकादम म्हणाला, "माझ्या बी व्हतं बाई. पन त्यांना मडकं नसलं की मारत, अन् ह्याला पट्टा नसला की मारतील. मला इतिहास नका सांगू. जनावर पायजे का नको, ते सांगा."

आत्याला निरुत्तर झालेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. मोर्चापुढे आडव्या आलेल्या फौजदाराला तिनं उत्तर दिलं होतं, हेडमास्तरांना तर रोजच द्यायची. आज मात्र सुतळी तिच्या बोटांभोवती घट्ट होत चालली होती. मग तिनं विचारलं, "हे कुणाला चावले तर खटला कुणावर?"

"मालकावर."

"पळाले, नुकसान केलं, तर दंड कुणाला?"

"मालकाला. कुत्र्याला कोन दंड करतंय?"

"मग खूणही मालकाला." तिनं बिल्ल्याच्या भोकातून सुतळी ओवली, मान वाकवली आणि ती स्वतःच्या गळ्यात बांधली.

मी तिच्याकडे पाहू शकले नाही. जिनं स्थळं परत पाठवली, हार हातात घेतले, शिट्टीची दोरी काढून टाकली, तिच्या गळ्यात सुतळी आणि सुतळीत कुत्र्याचा बिल्ला. मुकादम आधी हसला, मग त्याचं हसू विरलं. "आन् न बांधता हे तुमच्या मागं येनार व्हय? बाहेर हमरस्ता हाय बाई."

"दार उघडा," आत्या म्हणाली.

दार उघडलं. ती सुधाकरकडे गेली नाही. पाठ फिरवून फाटकाकडे ताडताड चालू लागली, मागे न पाहता, कडुनिंबाकडे जायची तशीच. बाकीची कुत्री दाराशी झोंबत होती, मुकादम त्यांना काठीनं मागे रेटत होता, आणि सुधाकर अजून कोपऱ्यातच. आत्या फाटकाशी पोचली. रस्त्यावरून एक ट्रक गेला. आणि मग एक काळा ठिपका सगळ्यांच्या पायांतून सुटला, धुळीतून सरळ रेषेत धावला आणि तिच्या गुडघ्याला गुडघा लावून चालू लागला. तिनं खाली पाहिलंही नाही. एवढंच म्हणाली, "आलात? छान." पर्स शाळेतच राहिली होती, त्यामुळे त्या दिवशी सुकट उधार राहिलं.

त्यानंतर आत्याच्या गळ्यात तो बिल्ला कायमचा बसला. शाळेतल्या बाई डोळे मिचकावत विचारायच्या, "काय, बांधलं का शेवटी कुणी?" ती म्हणायची, "हो, पालिकेनं." कुत्र्यांची गाडी कॉलनीत आली की गाडीवाले सुधाकरचा नाही, बाईंचा गळा पाहत आणि पुढे जात. फोरमनसाहेब बाहेरगावच्या पाहुण्यांना कौतुकानं सांगत, "आमच्या वरच्या बाई. परवानाधारक आहेत." तिच्या जुन्या सोबत्यांपैकी काही म्हणाले, बाईंनी तत्त्व सोडलं. त्यांना मी आज इथं छापील उत्तर देते. तत्त्व दुसऱ्याच्या जिवावर पाळणारे मी ढिगानं पाहिले आहेत. स्वतःच्या गळ्यावर पाळणारी मी एकच पाहिली.

गेल्या हिवाळ्यात सुधाकर म्हातारा होऊन, त्याच द्राक्षांच्या पेटीत डोकं ठेवून गेला. पेटीत मावायचं ते फक्त डोकंच, पण त्यानं ती जागा कधी सोडली नव्हती. दुसऱ्या दिवशी आत्यानं सुतळी सोडली. पितळेचा हिरवट डाग तिच्या गळ्याखाली राहिला आहे, आणि तो लपवायला ती पदर ओढत नाही. संध्याकाळी ती अजून फिरायला जाते. परवा मी तिच्याबरोबर होते. कोपऱ्यावर ती बोलता बोलता एकदम उलटी वळली, ताडताड चालत त्या कडुनिंबामागे गेली आणि थोडा वेळ उभी राहिली. मग ती परत आली आणि मोर्चाचं अर्धवट राहिलेलं वाक्य तिनं तिथूनच पुढे सुरू केलं.

तुमच्या घरी कधी पिल्लू येईल. त्याला पट्टा बांधा, मी नको म्हणत नाही. गाडी अजून फिरते, आणि प्रत्येकाला आत्यासारखी पाठ फिरवून चालता येत नाही. माझी मागणी एकच आहे. तो पट्टा पिल्लाच्या गळ्यात बांधण्याआधी एक दिवस, सकाळपासून रात्रीपर्यंत, स्वतःच्या गळ्यात बांधून पाहा. तो घालून बाजारात जा, ऑफिसात जा. आणि मग, जमलं तर, त्या पिल्लाला एकदा तरी 'या, बसा' म्हणा.