रोपवाटिकेचा चार्ज

ईरा, निषाद,

परवा फोनवर ईरा म्हणाली की ती नोकरी बदलतेय आणि शेवटचे सगळे दिवस ‘नॉलेज ट्रान्सफर’मध्ये चाललेत. म्हणजे आपल्याला येतं ते मागून येणाऱ्यासाठी लिहून ठेवायचं. वर म्हणाली, “आजी, तू एवढी टापटिपीची. तुला हे मस्त जमलं असेल.” मी विषय बदलला. जमलं नव्हतं. ईराची फाईल पुरी व्हायच्या आत ते सांगून टाकते.

निवृत्तीनंतरच्या पहिल्याच थंडीत शेठचा फोन आला. कळंबजवळच्या ज्या रोपवाटिकेत मी मॅनेजर होते, तिचे हे मालक. घराणं मूळचं राजस्थानचं, पण राग मराठीतच यायचा.

“मॅडम, टोमॅटोचा दुसरा लॉट बसला. तिसरा गेला की तुमच्या पल्लवीला घरी पाठवतो आणि नारायणगावचा माणूस आणतो. शेतकऱ्यांना मी काय तोंड दाखवू?”

रोपवाटिकेत आम्ही शेतकऱ्यांसाठी रोपं तयार करायचो. प्लास्टिकच्या ट्रेच्या खळग्यांत नारळाच्या काथ्याचा भुसा भरायचा, एकेका खळग्यात एकेक बी टाकायचं आणि ट्रे पॉलिहाऊसमध्ये, म्हणजे प्लास्टिकच्या मोठ्या मांडवात, ठेवायचे. ‘लॉट बसला’ म्हणजे मर हा बुरशीचा रोग आला. कोवळं रोप बुडाशी कुजतं आणि आडवं होतं.

पल्लवी निमगाव सावाची, बीएस्सी ॲग्री. माझ्या जागेवर मीच तिला निवडलं होतं. घरात नोकरी करणारी ती पहिली मुलगी. ही गेली तर घरचे दुसरी करू देतील, याची तिला खात्री नव्हती.

तिला चार्ज देताना मी जाडजूड फाईल केली होती. अनुक्रमणिका, रंगीत फ्लॅग, एक प्रत इंग्रजीत, एक मराठीत. निरोपसमारंभात शेठनी ती उंच धरून सगळ्यांना दाखवली होती. त्यामुळे फोन ठेवताच माझं निदान तयार होतं: पोरीनं फाईल वाचलेली नाही.

गेटवरच हिराबाई भेटली. ट्रे भरणाऱ्या बायकांची ती मुकादम.

“आल्या का मॅडम! म्या म्हनलंच व्हतं, तुमच्या हाताला गुन व्हता. पोरगी लई हुशार हाय, पन हाताला गुन न्हाई.”

मी एमएस्सी. असल्या गोष्टी मानत नाही. तरी नीट ऐकू आलं नाही असं सांगून ते वाक्य मी तिला परत म्हणायला लावलं.

मग ऑफिसात पल्लवीची तोंडी परीक्षा घेतली.

“ट्रे धुणं?”

“फाईलप्रमाणे.”

“पाणी?”

“फाईलप्रमाणे, मॅडम.”

“बाजूचे पडदे?”

“थर्मामीटरवर तुम्ही लिहिलेला आकडा आला की वर. त्याआधी नाही. मी स्वतः उभी असते.”

तिला फाईल माझ्यापेक्षा जास्त पाठ होती. घरी जाताना हाताचा गुण हे कारण मला थोडंथोडं शास्त्रीय वाटायला लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामाच्या वेळेलाच गेले. बाहेर कडाक्याची थंडी. पॉलिहाऊसमध्ये पाऊल टाकलं आणि चष्म्यावर वाफ धरली. काही दिसेना.

“अगं, पडदे वर करा!” मी ओरडले. हिराबाईनं हँडल फिरवायला घेतलंसुद्धा.

“मॅडम, थर्मामीटर?” पल्लवी म्हणाली. “आकडा आला नाही अजून. पान तुमचंच आहे.”

“मला दिसत नाहीये, पल्लवी.”

“तुम्ही रोज असंच करायचात?”

मी नाही म्हणणार होते. हिराबाईनं मधेच तोंड घातलं. “रोज म्हंजी! थंडीत मॅडम आल्या की पडदं वर, चष्म्यावरली वाफ जाईस्तवर. आमी काकडायचो. तुमी गेल्या आन आमची थंडी गेली बगा.”

“मग मला सांगितलं का नाहीस?” पल्लवीनं तिला विचारलं.

“काय सांगायचं? चष्मा त्यांच्या नाकावर व्हता. तुज्या नाकावर हाय का?”

पल्लवीनं वर बघितलं. प्लास्टिकला आतून थेंब लगडले होते आणि खालच्या ट्रेंवर टपकत होते. बंद मांडवात दमट हवा कोंडली होती. ऊब रोपांना हवी तेवढी, पण ओल बुरशीला हवी तेवढी. पडदे लवकर उघडले की ती ओल निघून जाते. इतकी वर्षं मी हवेतली ओल नाकावरच्या काचेनं ओळखत होते आणि त्याला चिडचिड समजत होते. फाईल लिहायला बसले तेव्हा मात्र कॉलेज आठवलं आणि थर्मामीटरचा आकडा लिहून मोकळी झाले. तो नियम मी स्वतः एकदाही पाळला नव्हता. पल्लवीनं पाळला, म्हणून रोपं मेली.

शेठ आले. “मग चूक कुणाची?”

“फाईलची.”

“फाईल कुणाची?”

“शेठ, चहा सांगा.”

त्याच दिवशी पल्लवीनं हवेतली ओल मोजायचा मीटर मागवला. पडदे लवकर उघडायला लागले आणि तिसरा लॉट उभा राहिला. मग तिनं मला आठवडाभर रोज यायला लावलं. मी नेहमीसारखी फिरायची आणि ती मागून मोबाइलवर शूटिंग करायची. त्यात आणखी काही कामाच्या गोष्टी सापडल्या. बाकीच्या निव्वळ खोडी निघाल्या. मी प्रत्येक ट्रेला बोटानं टिचकी मारत जाते, ती कशासाठी, हे मलाही सांगता आलं नाही.

तर ईरा, लिहायचं ते लिही. पण तुझ्या जागी येणाऱ्याला आधी काही दिवस तुझ्यामागे हिंडू दे आणि तू काय करतेस ते त्यालाच लिहू दे. स्वतःबद्दलची आपली साक्ष फार भरवशाची नसते.

आता तिथं दाराशी मीटर आहे. माझ्या फाईलमधलं एकच पान भिंतीवर उरलंय, चहाच्या सुट्टीचं. ते हिराबाई कुणाला काढू देत नाही. आणि पल्लवी अजून तिथंच आहे.