माफ न करणारे अलेमानी चाचा

अलेमानी चाचा कुणालाही माफ करत नसत. "माफी मेलेल्यांनी द्यायची. मी अजून मेलो नाही," असं ते मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणत. कुवेतच्या शुवैख बंदरातल्या ज्या वर्कशॉपमध्ये आम्ही रत्नागिरीकडची मंडळी फिटरकाम करायचो, तिथं ते लेथवर होते. जर्मनाला अरब 'अलेमानी' म्हणत. 'चाचा' आम्ही जोडलं.

जर्मन बोट लागली की चाचा जेवण टाकून धक्क्यावर जात आणि उतरणाऱ्या प्रत्येकाचं तोंड निरखून येत. "कोण येणार आहे, चाचा?" मी एकदा विचारलं. त्यांनी डावा हात पुढे केला. दोन बोटं कायमची वाकडी झाली होती. "ज्यानं ही मोडली, तो."

पुढे हळूहळू सगळं कळलं. हिटलरच्या राज्यात चाचा आणि त्यांची बायको लीना कम्युनिस्टांची पत्रकं चोरून छापत. दोघं पकडली गेली. एका पोलीस अधिकाऱ्यानं साथीदारांची नावं विचारत चाचांची बोटं मोडली. मग लीनाला शेजारच्या खोलीत आणून दार मुद्दाम उघडं ठेवलं. नाव दोघांनीही सांगितलं नाही. लीनाचं डोकं उडवलं. चाचा छावणीतून जिवंत सुटले, तोवर तो अधिकारी नाव बदलून पसार झाला होता. असली माणसं दूर देशी पळतात, असं ऐकून चाचा बंदरं हिंडत कुवेतला आले.

एकदा भर उन्हाळ्यात क्रेन विकायला आलेल्या जर्मन पाहुण्याला मॅनेजरनं वर्कशॉप दाखवायला आणलं. हसतमुख माणूस. सगळ्यांशी हात मिळवत चाचांपर्यंत आला. चाचांनी हात धरला तो सोडलाच नाही. ते जर्मनमध्ये काहीतरी बोलले आणि पाहुण्याचा चेहरा पांढराफटक पडला. तेवढ्यात त्यांनी तो हात बाजूच्या, लोखंड आवळून धरायच्या वाइसच्या जबड्यात घालून दांडा फिरवला. मॅनेजर पोलिसांना बोलवायला धावला. आमच्यातलं कुणी जागचं हललं नाही. मीही नाही, आणि त्याचा मला आजही पस्तावा नाही.

"नाम!" चाचा हिंदीत ओरडले, आम्हाला कळावं म्हणून. पाहुण्यानं नवं नाव सांगितलं. दांडा फिरला. तेव्हा तो किंचाळत दुसरंच नाव बोलला.

"सगळ्यांनी ऐकलं?"

"ऐकलं," आम्ही म्हणालो.

चाचांनी आणखी एक पीळ दिला. "हा लीनाचा." हाड मोडल्याचा आवाज साऱ्या वर्कशॉपनं ऐकला.

पाहुणा हाताला प्लास्टर घालून विमानानं मायदेशी गेला. चाचांना आधी कोठडी, मग हद्दपारी. बोटीवर चढवताना शिपायानं मला दोन शब्द बोलू दिले.

"तिकडे जाऊन काय करणार, चाचा?"

"त्याच्या गल्लीत खोली घेईन. शेजाऱ्यापाजाऱ्यांना त्याचं खरं नाव सांगेन. मग कोर्ट. कोर्टानं नाही ऐकलं, तर रोज सकाळी त्याच्या दारासमोर उभा राहीन. उस्मान, तो मरेपर्यंत मला जगायचंय."

"अल्ला तुम्हाला लांब उमर देवो," मी म्हणालो.

देव-अल्ला काही न मानणारा तो माणूस माझ्याकडे बघत स्वच्छ म्हणाला, "आमीन."