रिंगेखालची जागा

शाळेत तिला शिडी म्हणायचे. पुढे देशाचं अजिंक्यपद जिंकून आली तरी ते नाव काही सुटलं नाही. सासरी तर त्याचा उपयोगच झाला. माळ्यावरचं काही काढायचं असलं की सासूबाई म्हणायच्या, "स्टूल कशाला शोधताय, सूनबाई आहे ना." आल्यागेल्याला मात्र कौतुकाने सांगायच्या, "आमची सून चॅम्पियन आहे." कशात, असं कुणी विचारलंच तर, "ते नाही का, बास्केटबॉलसारखं असतं, त्यात."

नेटबॉल बास्केटबॉलसारखं नव्हतंच. रिंगेमागे फळी नाही, चेंडू हातात आला की पळायचं नाही. सात जणींची जागा ठरलेली, तिची अक्षरं छातीवर चिकटवलेली. शिडी कीपर होती. रिंगेखाली नेम धरणारीपासून तीन फूट दूर उभं राहायचं, हात लांबवायचे आणि गोल होऊ द्यायचा नाही. गोल करणारीचा फोटो पेपरात येतो. न झालेल्या गोलाचा कोण काढणार?

तिला त्याचं वाईट वाटायचं नाही. तिला हवी असायची सकाळ. सगळं घर झोपलेलं असताना बूट घालून बाहेर पडायचं आणि ऊन चढल्यावर घामाघूम होऊन परतायचं. तेवढा वेळ तिला कुणी हाक मारू शकत नव्हतं. त्या वेळात सासूबाई कुरकुरत का होईना, स्वयंपाकाला उभ्या राहायच्या. चॅम्पियन सून हवी तर एवढं सोसायला हवं, असं सासऱ्यांनी एकदा ठरवून टाकलं होतं, आणि त्या घरात सासऱ्यांनी ठरवलेलं सहसा मोडत नसे.

धाकटी म्हणजे तिची नणंद. तीही ताडमाड वाढली आणि पोक काढून चालायला लागली. "हिला आता शोधायचा तरी कुठे मुलगा," असं सासूबाई तिच्या देखतच म्हणायच्या. शिडीला ते बघवेना. तिने मागच्या अंगणात कपडे वाळत घालायच्या खांबाला एक रिंग बांधून घेतली.

"आधी पाठ सरळ कर," ती म्हणाली. "उंची लपवायची नसते, वापरायची असते."

संध्याकाळी भाजी निवडून झाली की दोघी अंगणात. शिडी नेम धरायची, धाकटी अडवायची. पाय कुठे, हात किती वर, उडी कधी, सगळं शिडीने तिच्या अंगात उतरवलं. चुकली ती इथेच. धाकटीला गोल करायला शिकवता आलं असतं, मधली जागा शिकवता आली असती. पण शिडीला आतून येत होतं ते कीपरचंच, आणि शिकवताना माणूस आपल्याला येतं तेच शिकवतो. संघाला कीपर एकच लागते, हे तिच्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

सासूबाईंच्या डोक्यात मात्र दुसरंच काही आलं होतं. "खेळा अंगणात हवं तेवढं. पण एका वेळी एकीनेच मैदानावर जायचं. दोघी गेल्यात तर मी काय मोलकरीण आहे?"

शिडीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं त्या वर्षी संघाचे सर चौकशीला घरी आले. चहा पिता पिता त्यांची नजर अंगणात गेली. धाकटी एकटीच भिंतीवर चेंडू मारून उड्या घेत होती. सरांनी कप खाली ठेवला.

"ही कोण?"

"माझी नणंद," शिडी कौतुकाने म्हणाली. "मीच शिकवलंय."

गुडघा बरा झाला. शिडी मैदानावर परतली तेव्हा धाकटी तिथे होतीच. संघात छातीवरची अक्षरं वाटायचा मान कर्णधाराचा. सरांनी नेहमीप्रमाणे गठ्ठा शिडीच्या हातात दिला. तिने एकेकीला हाक मारून वाटली. शेवटी कीपरची उरली.

"ती धाकटीला दे," सर बुटाची नाडी बांधत म्हणाले. "तुझा गुडघा किती दिवस पुरणार?"

शिडीने ती धाकटीच्या छातीवर चिकटवली. नीट दाबून चिकटवली, सुटू नये म्हणून.

घरी सासरे खूश. "झालं ते उत्तम झालं. जागा घरातल्या घरात राहिली." नवरा ताटावर बसत म्हणाला, "चला, आता सकाळी गरम जेवण मिळेल." शिडी वाढत राहिली.

त्यानंतर सकाळी बूट धाकटीचे वाजायचे, आणि शिडी ओट्याशी उभी असायची. फायनलच्या आदल्या दिवशी धाकटी स्वयंपाकघरात आली.

"वहिनी, त्यांची ती डावखुरी कशी टाकते गं? तू खेळलीयेस ना तिच्याशी?"

खेळली होती. डावखुरी फसवायची. चेंडू उचलून टाकल्यासारखं करायची, समोरची उडी मारून खाली आली की मग खरा टाकायची. चेंडूकडे बघायचंच नाही, तिचा गुडघा बघायचा. तो वाकला तरच उडी. हे शिडी अख्खा सामना फसून शिकली होती.

कांदा चिरता चिरता ती म्हणाली, "विशेष काही नाही. चेंडूवर नजर ठेव, आणि हलला की मार उडी."

धाकटी दुसऱ्या दिवशी उड्या मारत राहिली आणि डावखुरी तिच्या डोक्यावरून गोल टाकत राहिली. संघ सपाटून हरला. पुढच्या हंगामाला सरांनी दुसऱ्या क्लबातून कीपर आणली. शिडीला त्यांनी विचारलंही नाही. तिने निरोप पाठवून पाहिला. गुडघा सांभाळ, एवढंच उत्तर आलं.

भांडी विसळताना धाकटीने विचारलं, "वहिनी, तू मला चेंडू बघ म्हणालीस. तुला माहीत होतं ना?"

"होतं."

"मग?"

शिडीने हातातलं पातेलं पालथं घातलं. "पुढचं भांडं दे," ती म्हणाली.

धाकटीने दिलं. बाहेरून सासूबाईंनी डोकावून पाहिलं, दोघी आत आहेत असं बघून पायात चपला सरकवल्या आणि शेजारी गप्पा मारायला निघून गेल्या. त्या घरातून आता सकाळी कुणीच बाहेर पडत नव्हतं, आणि जेवण वेळेवर होत होतं.