परत न न्यायचे कपडे

बाजाराच्या मागच्या गल्लीत, तीन पायऱ्या उतरून जावं लागे अशा खोलीत तिचं इस्त्रीचं दुकान होतं. तिने घातलेली घडी बॅगेत कोंबली तरी मोडत नसे, म्हणून सगळी गल्ली तिला घडीताई म्हणायची. नवरा गेल्यापासून एकोणीस वर्षं तिने दुकान एकटीने चालवलं. बोलणं मोजकं, नजर मात्र तिखट. कोणाच्या घरी धुसफूस चाललीय, कोण बायकोच्या चोरून सिगारेटी ओढायला लागलंय, हे तिला कॉलरवरून कळे. कळलं तरी त्यातलं अवाक्षर ती बाहेर काढत नसे. म्हणून तर लोक निर्धास्तपणे कपडे टाकून जात.

तिच्या जुन्या गिऱ्हाइकांत एक बसड्रायव्हर होता. दर सोमवारी गणवेशाचे पाच जोड आणायचा. बाहीवर दोन रेघा उमटलेल्या त्याला खपत नसत. एकच हवी, तीही खांद्यापासून सरळ. मग डेपोच्या वार्षिक तपासणीत डॉक्टरांच्या लक्षात आलं, की त्याला बाजूचं दिसेनासं होत चाललंय. बस हातातून गेली. ऑफिसात बसायचं काम देऊ केलं, ते त्याने नाकारलं. बायको वारलेली, मूलबाळ नाही, मोठी बहीण दोन तासांवरच्या गावात.

सुरुवातीला तो गरज नसताना गणवेश आणत राहिला. घडीताईही काही न विचारता इस्त्री करून देई. पुढे गणवेश बंद झाले. मग तीन-तीन आठवड्यांनी दोनच शर्ट, तेही अंगावरच झोपून उठल्यासारखे चुरगळलेले. दाढी वाढलेली, पट्ट्याला नवं भोक पाडलेलं. एकदा तो म्हणाला, आता आपण कोणाच्या काय उपयोगाचे. असं काही बोलू नये, असं म्हणून ती पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली. दुकानात गर्दी होती.

आणि एका मंगळवारी, अकराच्या सुमाराला, तो दोन भलीमोठी गाठोडी घेऊन पायऱ्या उतरला. दाढी घोटलेली, चेहरा शांत, कित्येक महिन्यांनंतर ओठांवर हसू. कपडे इस्त्री करून ज्याला बसतील त्याला देऊन टाका, परत न्यायचे नाहीत, असं त्याने सांगितलं. ड्युटीवर कायम बरोबर असायचा तो थर्मासही त्याने तिच्या टेबलावर ठेवला, तुम्हाला राहू द्या म्हणून. जाताना पायरीवर थांबून म्हणाला, "ताई, तुम्ही माझं फार केलंत हो."

तिला आधी बरंच वाटलं. चला, सावरला बिचारा. तिने इस्त्री तापवली आणि पहिलं गाठोडं सोडलं. शर्ट, विजारी, आणि सगळ्यात खाली जाड लोकरी कोट. थंडी तोंडावर आली होती. थंडीच्या तोंडावर स्वतःचा एकुलता एक कोट कोण देऊन टाकतं? तिच्या मनात पाल चुकचुकली. परगावी जाणार असता तर बोलला असता. आणि ते ‘फार केलंत’ निरोपासारखं का वाटलं?

तिची नणंद इस्पितळात नर्स होती. घडीताईने तिला फोन लावून सगळं क्रमाने सांगितलं. नणंद म्हणाली, "वहिनी, एकदम शांत झाला म्हणजे बरा झाला, असं धरू नका. कधीकधी मनाशी ठरवून टाकल्यामुळेही माणूस शांत होतो. आत्ता जा आणि सरळ विचारा."

"सरळ काय विचारू? नसेल तर माझ्या विचारण्यानेच डोक्यात यायचं."

"विचारल्याने येत नाही. असेल तर बोलायला वाट मिळते. फक्त उपदेश करू नका, आणि त्याला एकटं सोडू नका."

घडीताईने इस्त्रीचं बटण बंद केलं, प्लग काढला, काढलाय ना ते दोनदा पाहिलं, आणि भर दिवसा दुकानाला कुलूप लावलं. कोट काखेत मारून ती निघाली.

त्याचं घर दुसऱ्या मजल्यावर होतं. दार त्यानेच उघडलं. खोली लख्ख आवरलेली, टेबलावर कागदांची चळत नीट लावलेली. ते पाहून तिची भीती खरी असल्याची खात्रीच पटली. ती खुर्चीवर बसली, कोट मांडीवर घेतला.

"भाऊ, एक विचारते, रागावू नका. जीव द्यायचा विचार आहे का तुमच्या मनात?"

त्याने खिडकीकडे तोंड फिरवलं. तिला वाटलं, आता हाकलून देणार. मग त्याचे खांदे खाली आले.

"कोणी विचारेल असं वाटलं नव्हतं," तो म्हणाला. "आहे."

तिच्या जिभेवर दहा गोष्टी आल्या. बहिणीचा विचार करा, अजून वय काय तुमचं, असं बरंच काही. तिने त्या सगळ्या गिळल्या आणि एवढंच म्हणाली, "सांगा. मला घाई नाही."

तो बोलत गेला, तुटक तुटक. पहाटे चारला अजूनही जाग येते आणि जायला कुठे नसतं, हे त्याने तीनदा सांगितलं. तिने विचारलं, घरात तसं काही आणून ठेवलंय का. त्याने होकाराची मान हलवली. ते त्याच्याच हाताने बाहेर काढायला लावून तिने शेजारी राहणाऱ्या एका शिक्षिकेला बोलावून तिच्या घरी कुलपात ठेवायला दिलं. मग त्याच्यासमोरच त्याच्या बहिणीला फोन लावला. बहीण येईपर्यंत ती तिथून हलली नाही. संध्याकाळी तिघं मिळून नणंदेने सांगितलेल्या डॉक्टरांकडे गेली.

त्यानंतर सगळं सुरळीत झालं असं नाही. बहिणीला सांगितलं म्हणून तो घडीताईवर महिनाभर धुमसत होता, समोर आली तरी मान फिरवायचा. तिने ते मनावर घेतलं नाही. गोळ्या सुरू झाल्या, एक बदलावी लागली, आठवड्यातून एकदा समुपदेशकाकडे बसणं सुरू झालं. बहीण हिवाळाभर राहिली. राग ओसरल्यावर तो दुकानात डोकावू लागला. तापाचं विचारावं तितक्या सहज घडीताई विचारायची, "या आठवड्यात आला होता का तो विचार?" कधी तो हो म्हणे, कधी नाही. हो म्हणाला की ती स्टूल पुढे सरकवी.

उन्हाळ्यात त्याने बसस्थानकावर चौकशीच्या खिडकीतलं काम धरलं. गावातले सगळे मार्ग त्याला तोंडपाठ. पाटीवर लिहिलेलं वेळापत्रक चुकीचं आहे यावरून तो पहिल्याच दिवशी साहेबांशी भांडला, हे ऐकून घडीताई पोट धरून हसली.

शेजारच्या शिंपीणबाईंनी एकदा तिला विचारलं, तुम्हाला कळलं तरी कसं? ती म्हणाली, कळलं कुठे, शंका आली. आधी एकदा त्याने बोलून दाखवलं होतं तेव्हा मी गर्दीत होते, ते अजून टोचतं.

अजूनही त्याचे काही आठवडे वाईट जातात. अशा वेळी दुकान उघडायच्या आधीच तो फोन करतो. घडीताई फोन स्पीकरवर टाकून कपड्यांवर पाणी शिंपडायला घेते. पुष्कळदा दोघं फारसं बोलतच नाहीत. तिकडून त्याच्या चहाच्या कपाचा आवाज येतो, इकडून इस्त्रीचा, आणि ड्युटीची वेळ झाली की तो म्हणतो, निघतो ताई.