बिभीषणचा डावा डोळा

धनश्री दरेकर डॉक्टर नाही आणि नुसती चष्मेवालीही नाही, हे श्रीगोंद्याला समजावून सांगण्यात तिची चौदा वर्षं गेली. बारावीला मार्क थोडे कमी पडले, म्हणून तिनं पुण्यात राहून ऑप्टोमेट्रीचा चार वर्षांचा कोर्स केला. हा शब्द तिच्या सासरी आजवर कुणाला धड उच्चारता आलेला नाही. सासूबाई सरळ सांगतात, "आमची सून डोळ्याचं बघती." खरं तर याहून नेमकं कुणी सांगितलेलं नाही. डोळा तपासायचा, नंबर काढायचा, आत काही वावगं दिसलं तर नगरच्या मोठ्या डॉक्टरांच्या नावे चिठ्ठी द्यायची, आणि पेशंट खरंच गेला का, याची काळजी करत बसायचं.

बसस्टँडमागच्या गल्लीत तिचं छोटं दुकान आहे. खोली आखूड, म्हणून अक्षरांचा उलटा तक्ता पेशंटच्या डोक्यामागं टांगलेला आणि समोर आरसा. आरशात बघून वाचायचं. ज्यांना अक्षरओळख नाही अशा म्हाताऱ्यांसाठी तिची तऱ्हाच वेगळी. ताटलीत मूठभर तांदूळ आणि त्यात खडे. ज्या भिंगातून खडे पटापट वेचले जातील ते भिंग बरोबर. नवऱ्याचा चष्मा लावून येणाऱ्या बाईला आणि डोळा लाल झाला की मेडिकलमधून मनानंच ड्रॉप आणून घालणाऱ्या गड्याला ती सारखीच फैलावर घेते. लोक तिच्या बोलण्याला सरावलेत. बोलून घेतात, पण येतात तिच्याकडेच.

स्वभाव मात्र भारी घोर लावून घेणारा. दुकानाचं कुलूप तीनदा ओढून बघते. चष्मा देऊन झाल्यावरही आपण नंबर चुकवला तर नाही ना, या विचारानं तिला घास गोड लागत नाही. नवरा म्हणतो, "दुसऱ्याच्या डोळ्यांपायी तू स्वतःच्या डोक्याचा भुगा करून घेशील." आता इतकी वर्षं कधी मोठी चूक झाली नव्हती, म्हणून त्याला असं बोलायला काय जातंय!

नोव्हेंबरात गळीत हंगाम सुरू झाला. तालुक्यातल्या एका कारखान्यानं ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टर ड्रायव्हरांची दरवर्षीची नेत्रतपासणी ठेवली आणि यंदा धनश्रीला बोलावलं. डोळे चांगले असल्याचा कागद ज्याच्याकडं, त्यालाच ट्रॅक्टर. एका रविवारात ब्याण्णव माणसं. पत्र्याच्या शेडमध्ये खुर्ची, वीस फुटांवर तक्ता, बाहेर रांग. एरवी पेशंटचा एक डोळा ती स्वतः काळ्या चमच्यासारख्या झाकणीनं झाकते, पण त्या दिवशी नेमकी झाकणी दुकानातच राहिली. मग काय, "हातानं झाका." एक डोळा झाकून वाचा, आता दुसरा झाकून वाचा, व्हा पुढं. दुपारनंतर तिची मान कागदातून वर येईना. माणूस वाचतोय, ती लिहितेय, खाली सही.

त्यानंतरच्या शुक्रवारी सकाळी मोनिका नावाची शिक्षिका आपल्या सात वर्षांच्या मुलीला, संस्कृतीला घेऊन दुकानात आली. संस्कृतीला चष्मा नको होता. झाकणी ती डोळ्याजवळ येऊ देईना, म्हणून मग हातानंच. डावा डोळा झाकून पोरीनं घडाघडा वाचलं. "आता उजवा झाक," धनश्री म्हणाली. पोरीनं उजवा हात उचलला, नाकावरून आडवा नेला आणि पुन्हा डावाच डोळा झाकला. कोपर तोंडासमोर तसंच आडवं.

"अगं लबाडे! हात बदलला, डोळा तोच!" धनश्री खळखळून हसली. मोनिकाही हसली. हसता हसता धनश्रीचा चेहरा उतरला. असंच आडवं कोपर तिनं पाहिलं होतं. रविवारी, दुपारी, कागदावरून अर्धवट मान वर करताना. डोक्यावर ओढून घेतलेली टोपी, राठ हात आणि तोंडासमोर कोपर. तेव्हा तिला त्यात काहीच वावगं वाटलं नव्हतं. पाच दिवस तो माणूस रस्त्यावर होता.

संस्कृतीला सोमवारी यायला सांगून तिनं शिबिराच्या कागदांची फाइल काढली. तो माणूस शेवटच्या दहा-बारा जणांतला होता, एवढं तिला आठवत होतं. एकेक नाव वाचत ती चेहरा आठवू लागली. बिभीषण, तालुका पाथर्डी. या नावाला ती टोपी नेमकी जुळली. 'दोन्ही डोळे सहा बाय सहा', म्हणजे नजरेत काहीच कमी नाही. खाली तिची सही, चांगली ठसठशीत.

कारखान्यावर तिनं चार ठिकाणी फोन केले. शेवटी गोरक्षनाथ भेटला. शेतात उभा राहून कुठली गाडी कधी भरून निघाली याची चिठ्ठी फाडणारा हा कारखान्याचा माणूस.

"बिभीषणचा ट्रॅक्टर थांबवा. त्याला एका डोळ्यानं दिसत नसावं."

"आत्ताच निघाला की भरून. फोन केला तरी इंजिनाच्या आवाजात त्येला ऐकू येतंय व्हय?" गोरक्षनाथ म्हणाला. "पन म्याडम, दोन्ही डोळं बरुबर हायेत म्हनून कागद तुमचाच हाय ना?"

"माझाच," धनश्री म्हणाली. कोणत्या रस्त्यानं निघालाय तेवढं विचारून तिनं दुकान बंद केलं. कुलूप एकदाही ओढून बघितलं नाही.

तो रस्ता तिच्या पायाखालचा, पण आज स्कूटरवरून तो तिला भलताच अरुंद वाटला. डाव्या कडेनं सायकलवरच्या शाळकरी पोरी, डोक्यावर चाऱ्याचा भारा घेतलेल्या बाया, मोटरसायकली. जगातलं सगळं हलकंफुलकं डाव्या कडेनंच चाललेलं, आणि त्याच्या शेजारून दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर. समोरून ट्रॅक्टर आला की ती आधी ड्रायव्हरचं तोंड बघायची. बिभीषण कुणाला उडवणार आणि मग कागदावरची सही लोक कुणाची वाचणार, हेच तिच्या मनात घोळत होतं. आधी माणसाची काळजी आली की सहीची, हे तिला स्वतःलाही कळेना आणि त्याचाही राग आला.

वळणावर गर्दी दिसली. रस्त्यावर ऊस पसरलेला, एक ट्रॉली कलंडलेली. स्कूटर तशीच सोडून ती धावली. "कोण होतं? ड्रायव्हर कोण?" आवाज तिचाच, पण तिला ओळखू येईना.

"अंगदचा ट्रॅक्टर हाय. आक्सल मोडला," एक जण म्हणाला. "कुनाला कायबी लागलं न्हाई, ताई. घाबरू नका."

दुसऱ्याचं नुकसान बघून तिला बरं वाटलं. मग त्याची लाज वाटली. पाणीसुद्धा न पिता ती पुढं निघाली.

चार किलोमीटरवर तिला एक ट्रॅक्टर पाठमोरा दिसला. वेग बेताचा होता. ट्रॉल्यांच्या कडेनं बघितलं तर डाव्या चाकावरच्या पत्र्यावर, पोत्याची घडी अंगाखाली घेऊन एक बाई बसली होती. तिचा उजवा हात ड्रायव्हरच्या खांद्यावर. पुढं सायकलवर दोन पोरी दिसल्या तसा त्या बाईनं त्याच्या खांद्यावर एक ठोका दिला. ट्रॅक्टर हळूच उजवीकडं सरकला. पोरी मागं पडल्या. दोन ठोके. ट्रॅक्टर पुन्हा आपल्या जागी आला. हे तीनदा झालं तेव्हा धनश्रीच्या ध्यानात आलं की या ट्रॅक्टरला ड्रायव्हर दोन आहेत.

पुढं जाऊन तिनं हात केला. बिभीषणनं इंजिन बंद केलं, किल्ली काढून खिशात घातली आणि खाली उतरला. तिला त्यानं लगेच ओळखलं. त्याच्या डाव्या डोळ्याची बाहुली खोबऱ्यासारखी पांढरी. रविवारी एकदा जरी मान नीट वर केली असती तरी दिसली असती.

"दादा, रविवारी तुम्ही दोन्ही वेळेला डावाच डोळा झाकलात."

"तवा तुमी लिवत हुत्या, म्याडम."

"हो. लिहीत होते. ती चूक माझी. पण असं कधीपासून आहे?"

"तीन वर्सं झाली. दोर आवळताना उसाचं टिपरू बसलं. आठ दिस लाल हुता, मंग कमी झाला, मंग हळूहळू पांढरा पडला. डाक्टरला दावला आस्ता तर कागद मिळाला नस्ता. दुसरं कायबी येत न्हाई मला."

त्याची बायको, साळूबाई, मध्ये पडली. "मी हाय की संगं. तीन वर्सांत रस्त्यावरची कोंबडीसुद्दा मारली न्हाई आमी."

"आणि तुम्ही आजारी पडलात तर?"

बिभीषणच म्हणाला, "परवा दोन दिस ताप हुता तिला. एकलाच गेल्तो."

धनश्रीनं पर्समधून छोटी बॅटरी काढली. तिला आता एकच जाणून घ्यायचं होतं. पांढऱ्या बाहुलीमागचा पडदा जिवंत असेल तर उजेड कुठून येतो, एवढं तरी या डोळ्याला कळेल. चारही बाजूंचा कळला, तर मार लागून पिकलेला मोतीबिंदू काढता येईल, आणि बघणं परत येईल अशी आशा धरता येईल. नाही कळला, तर डोळा गेला. पण हा गडी तीन वर्षं तपासणीत खोटं बोलत आलेला. अंदाजानं ठोकून दिलं तर? मग तिनं मनाशी ठरवलं की मध्येच एकदा बॅटरी विझवायची.

ट्रॉलीच्या सावलीत तिनं त्याला बसवलं. साळूबाईनं दोन्ही हातांनी पोतं आडवं धरून उरलंसुरलं ऊन अडवलं. आता तिला ठोका द्यायला हात मोकळा नव्हता. बिभीषणनं उजवा डोळा झाकायला स्वतःचा हात उचलला.

"हात खाली. मी झाकते," म्हणत धनश्रीनं तळवा घट्ट दाबला. "उजेड कुठून येतोय?"

"वरनं."

"आता?"

"खालनं... आता नाकाकडनं... आता कानाकडनं."

तिनं क्रम बदलून पुन्हा विचारलं. सगळं बरोबर. तिनं बॅटरी विझवली.

"आता?"

त्यानं मान जरा वर केली, जरा खाली. साळूबाई दात ओठावर दाबून बघत राहिली. रस्त्यावरून एक मोटरसायकल गेली.

"आता न्हाई," तो म्हणाला.

"नीट बघा."

"न्हाई, म्याडम. आंधार हाय. किती खोटं बोलू आता?" त्यानं खिशातून ट्रॅक्टरची किल्ली काढली आणि चाचपडत तिच्यापुढं धरली. "घ्या. नापास झालो मी."

धनश्रीला रडू फुटलं. तळवा अजून त्याच्या डोळ्यावरच होता, तो तिला काढवेना. किल्ली मात्र तिनं घेतली.

"बॅटरी मीच बंद केली होती, दादा," ती म्हणाली. "उद्या सकाळी नगरला यायचं. दोघांनी."